डाव्या पायाची ट्रायल

हाजीअलीच्या सिग्नलमागे आमचं वर्कशॉप.
प्लॅस्टरची धूळ, रेझिनचा उग्र वास,
आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले पाय.
नवा माणूस दारातच थबकतो.
मी त्यांच्याखाली बसून सव्वीस वर्षं डबा खातोय.

मिस ब्लांश रेमेडिओस, माझगावच्या,
टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर,
डावा पाय गुडघ्याखालून साखरेनं नेलेला.
पहिल्या ट्रायलला सॉकेट चढवलं, पट्टा आवळला,
खाली उकिडवा बसून
दोन्ही हातांनी धरून ओढलं,
सैल पडतंय का बघायला. रोजचंच काम.

त्या वरून म्हणाल्या,
"आर यू पुलिंग माय लेग?"

म्हटलं, "येस मॅडम."

मग ज्या हसत सुटल्या!
बार धरलेले हात थरथरायला लागले,
चष्मा नाकावरून घसरला,
बाकावरचा भायखळ्याचा हमाल,
ज्याला एबीसीडी येत नव्हती,
तोसुद्धा हसायला लागला, उगाच.
मी त्यांचा पाय हातात धरून
माझं काय चुकलं ते शोधत बसलो.

त्यांनी समजावलं.
एखादी थाप सरळ चेहऱ्यानं मारायची,
समोरचा फसतोय का बघायचं,
फसला, की दोघांनी मिळून हसायचं.
"फिरकी घेणं," मी म्हटलं.
"हां, तेच. फिरकी."
पण मग त्यात पाय कुठून आला, मॅडम?
त्यांनाही ठाऊक नव्हतं.
"पस्तीस वर्षं लायनीवर ऐकलं मी.
विचारायचं राहून गेलं.
एवढं मात्र लक्षात ठेव,
परक्या माणसाचा पाय असा ओढायचा नाय.
तो पडतो."

आमच्यात पाय ओढतात ते वेगळं, मी सांगितलं.
आमच्यात माणूस शिडीवर असावा लागतो.
"म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.
मी स्क्रू फिरवत राहिलो.
म्हणजे नारिंग्रेकर, हे मी बोललो नाही.
फोरमन होणार होता. पेढेसुद्धा सांगून ठेवले होते.
तेवढ्यात साहेबांकडे निनावी अर्ज गेला,
रेझिनचे डबे बाहेर विकले जातात म्हणून.
चौकशी दीड वर्षं चालली.
काही निघालं नाही. निघणार काय?
पण तोवर त्याची साठ भरली.
अर्ज निनावी होता.
अक्षर डाव्या हाताचं होतं.
डावा हात माझा होता.

दुसऱ्या ट्रायलला मिस रेमेडिओस चार पावलं चालल्या.
तिसऱ्याला आरशापर्यंत.
मी म्हटलं, "मॅडम, बिल दोन पायांचं लागलंय."
त्या गर्रकन वळल्या, तोल सांभाळला,
"यू आर पुलिंग माय लेग!"
"कुठला?" मी विचारलं.
हमाल आज नव्हता. आम्ही दोघंच हसलो.
जाताना पर्समधून त्यांनी
केळ्याच्या वेफर्सची पुडी काढून दिली.

त्या रात्री भांडुपला फोन लावला.
नंबर तोच होता. आवाज म्हातारा झालेला.
तब्येत, गुडघे, मुलगी पुण्याला असते, सगळं झालं.
मग म्हटलं, नारिंग्रेकर, तो अर्ज मी केला होता.

पलीकडे टीव्ही चालू होता.
कुणीतरी तो बंद केला.

"खेचतोस काय रे माझी?"
नारिंग्रेकर हसत म्हणाला,
आणि गप्प झाला.

हो म्हटलं असतं तर खपलं असतं.
दोघं मिळून हसलो असतो, फोन ठेवला असता.
माझा डावा हात
टेबलावर पालथा पडला होता,
नखांत अजून प्लॅस्टर.

"नाही," मी म्हटलं.
"तेव्हा खेचली होती."